वाऱ्याचा जमाखर्च



कापडाच्या व्यापाऱ्याने इमारतींतील वायुवीजनावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु दिवसभर उभे राहून ठाण उलगडणाऱ्या नोकरवर्गाच्या प्रकृतीशी आणि दरमहाच्या वीजबिलाशी हा विषय निगडित आहे.

मुंबईची क्रॉफर्ड मार्केट (१८६९) व पुण्याची मंडई (१८८६) या वास्तू विजेच्या पंख्यांपूर्वीच्या. उंच छताखाली तापलेली हवा वर चढते, वरून निसटते आणि खालून ताजी हवा आत येते. आज आपण दुकानासमोर काच लावतो, मागची खिडकी बुजवतो, छत खाली आणतो आणि मग यंत्राने गारवा विकत घेतो.

अशा नैसर्गिक वायुवीजनाचे मोजमाप होऊ शकते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच शहरांतील १६ कार्यालयीन इमारतींत तिन्ही ऋतूंमध्ये सहा हजारांहून अधिक प्रतिसाद नोंदवून २०१४ साली एक सूत्र मांडले. बाहेरील महिन्याभराच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणावे व त्यात १२.८३ मिळवावे. बाहेर सरासरी ३० अंश असेल, तर वातानुकूलन नसलेल्या कार्यालयात सुमारे २९ अंशही माणसांना सुखकर वाटतात. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने ही पद्धत स्वीकारली.

तथापि हे सूत्र बाहेरील सरासरी ३१ अंशांपर्यंतच लागू आहे. आपल्या गोंदियाचा मे महिना ही मर्यादा ओलांडतो; शिवाय त्या पाच शहरांत विदर्भातील एकही नव्हते. म्हणजे आपल्या उन्हाळ्याचा हिशेब आपणच मांडावयास हवा. भर दुपारी दारे उघडल्यास लू आत येते. उलट रात्री जाळीच्या खिडक्यांतून भिंती निवू द्याव्यात आणि दिवसा त्या मिटून पंखे चालवावेत, हा मार्ग शास्त्रसंमत आहे. श्रावणातील दमटपणात मात्र वाहता वाराच उपयोगी.

माझी विनंती एवढीच : नवे दुकान बांधण्यापूर्वी अथवा यंत्र बसविण्यापूर्वी एक वर्ष नोंदवही ठेवावी. रस्त्यावर सावलीत, गल्ल्याजवळ आणि माळ्यावर तीन तापमापी लावून सकाळी, दुपारी तीन वाजता व दुकान वाढवताना आकडे लिहावेत. आणि माळ्यावर चढणाऱ्या मुलाला कसे वाटते, तेही विचारून टिपावे. रोजमेळ न पाहता आपण माल भरत नाही. मग इमारतच अंदाजाने का बांधावी?