अंत्यविधीचा खर्च : आधी एस्टिमेट, मग काम
(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या आल्या, हे मला इथून दिसते आहे. अशुभ बोलू नये म्हणतात. पण मी पडलो डिप्लोमा इंजिनियर, रुळावरचा माणूस. आमच्याकडे एस्टिमेट मंजूर झाल्याशिवाय एक स्लीपर हलत नाही. आणि जे काम प्रत्येक घरात होणार हे नक्की, त्याचे एस्टिमेट मात्र कोणीच करत नाही.

गावाकडे कोणी गेले की भावकी धावून येते. एक जण लाकडाला जातो, एक गुरुजींकडे, एक भांडी-तांदळाच्या मागे. कर्त्याला खिशात हात घालावा लागत नाही, हिशेब तेराव्यानंतर होतो. रायपुरात तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरांना ही सोय अजून थोडीफार आहे. पण आमच्यासारखे नोकरीनिमित्त आलेले, डब्ल्यूआरएस कॉलनीत नाहीतर टाटीबंधला राहणारे, त्यांच्या दारी रात्री दोन वाजता प्रसंग आला तर? अशा वेळी जो जे मागेल ते आपण देतो. भाव विचारणे म्हणजे गेलेल्या माणसाची किंमत करणे, असे वाटते.

माझे वडील 2019 च्या जानेवारीत इथेच गेले. शेजारच्या क्वार्टरमधल्या छत्तीसगढी सहकाऱ्याने माझे पाकीटच मागून घेतले. "भैया, आप बैठो," एवढेच म्हणाला. तेराव्यापर्यंत सगळे पैसे त्याच्या हातून गेले आणि त्याने पै-पै वहीत लिहिली. एकूण 58,600 रुपये. त्यात तिरडीचे सामान, शववाहिनी, लाकूड, गोवऱ्या, तूप आणि घाटावरची पावती मिळून 8,100. दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचे विधी, दक्षिणा आणि दाने 14,500. राजिमला अस्थी नेल्या त्याचे 2,000. उरलेले 34,000 तेराव्याचे जेवण, मांडव, पाहुण्यांची सोय आणि गाडीभाडे यांत गेले. म्हणजे चितेला जेमतेम सातवा हिस्सा! तुमच्या घरचे आकडे वेगळे निघतील, पण वाटणी फारशी वेगळी नसेल असा माझा अंदाज आहे.

आणि आपण बोलतो कशावर? लाकडावर. तेही बोलावेच. एका चितेला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागते. मुंबई महापालिका तिच्या हिंदू स्मशानभूमीत 300 किलो लाकूड मोफत देत आली आहे. नागपुरात विजय लिमये यांच्या इको फ्रेंडली लिव्हिंग फाउंडेशनने शेतातल्या काडीकचऱ्यापासून ‘मोक्षकाष्ठ’ तयार करून तिथल्या घाटांवर रुजवले. आपल्या छत्तीसगढात 2020 साली गोधन न्याय योजनेत किलोला 2 रुपये भावाने शेणखरेदी सुरू झाली आणि गोठानांत गोबरकाष्ठ होऊ लागले. सरकार बदलले, योजना मागे पडली, पण शेणाच्या त्या ओंडक्यांवर चिता नीट जळते हे लोकांनी पाहिले. तेव्हा महादेव घाटावर जा की मारवाडी श्मशानघाटावर, लाकडाबरोबर गोबरकाष्ठाचीही चौकशी करा. लाकूड घेतलेत तर वजन डोळ्यांसमोर होऊ द्या आणि पावती घ्या. ओले लाकूड वजनाला जास्त भरते आणि जळायला कमी पडते. हे सांगायला इंजिनियर लागत नाही, पण त्या दिवशी कोणाच्या ध्यानात राहत नाही.

अमेरिकेत 1984 पासून नियम आहे की अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकाने प्रत्येक वस्तूचा आणि सेवेचा वेगवेगळा दर लेखी दाखवला पाहिजे. सगळे एकत्र बांधून गळ्यात मारायचे नाही. आमच्या खात्यातले शेड्यूल ऑफ रेट्स म्हणजे दुसरे काय? आपल्याकडे ‘पूरा पॅकेज’ सांगणारे हल्ली भेटतात. त्यांना एकच विचारावे, यात काय काय आहे ते कागदावर लिहून द्या.

आता तेराव्याकडे येतो. इथे मी थोडे कडू बोलणार आहे. आमच्या युनिटमधल्या एका ट्रॅकमनने आईच्या दशगात्राला आणि तेरहीला सावकाराकडून पैसे काढले. गाव जेवले. पुढे मुलीची कॉलेजची फी भरायची वेळ आली तेव्हाही तो व्याजच भरत होता. शेवटी आम्ही सहकाऱ्यांनी वर्गणी काढली. गाडगेबाबा जन्मभर कीर्तनातून कर्ज काढून जेवणावळी घालू नका म्हणून सांगत फिरले, त्यांना जाऊनही (1956) किती वर्षे झाली! राजस्थानात तर 1960 साली मृत्युभोजाविरुद्ध कायदाच झाला. आपला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा मयताच्या मालमत्तेतून अंत्यविधीचा खर्च इतर देण्यांच्या आधी काढू देतो, पण त्यालाही एक शब्द जोडतो : वाजवी. श्राद्धकर्म करू नका असे मी म्हणत नाही. आमच्याकडे सगळे विधी झाले, काकस्पर्शाला अर्धा तास बसलो. पण पिंडाचा खर्च वेगळा आणि पंगतीचा वेगळा, हे वहीत दोन रकान्यांत लिहून पाहा.

आपल्या मराठी घरांत आणखी एक वाद हमखास होतो. अस्थी नाशिकला रामकुंडात की इथे? नाशिक रोड इथून साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. चार माणसे जाणार म्हणजे भाडे, मुक्काम, रजा. राजिम 45 किलोमीटरवर, महानदी-पैरी-सोंढूरचा त्रिवेणी संगम, छत्तीसगढचा प्रयागच. माझ्या वडिलांची हयात इथल्या पाण्यावर गेली होती, म्हणून आईनेच राजिम सांगितले. ज्यांची इच्छा नाशिकची असेल त्यांनी ती आधीच सांगून ठेवावी. मागाहून भावाभावांत त्यावरून अबोला धरण्यात अर्थ नाही. देहदानाचीही इच्छा असेल तर एम्सच्या शरीररचना विभागात नाव नोंदवून घरच्यांना सांगा, नाहीतर तो कागद कपाटातच राहतो.

कागदांचे आता भराभर सांगतो. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या कार्यालयात होते, घर जिथे तिथे नाही. नागपूरच्या इस्पितळात माणूस गेला तर नोंद नागपूरलाच. 21 दिवसांत कळवले तर विलंब शुल्क नाही. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या. रेल्वे पेन्शनरच्या खात्यात मृत्यूनंतरच्या काळाची पेन्शन जमा झाली तर ती परत जाते, तेव्हा त्या रकमेवर तेरावा आखू नका. बँकेला लगेच कळवा, फॅमिली पेन्शन त्यातूनच सुरू होते. गेलेल्या माणसाचे एटीएम कार्ड मुलाने वापरणेही बरोबर नाही. नवरा-बायकोचे खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर हा पेचच येत नाही. नोकरीत असताना कोणी गेला तर वेल्फेअर इन्स्पेक्टरला त्याच दिवशी सांगा, कर्मचारी हितनिधीतून तातडीची मदत होते. आपल्या साइटवरचे ठेकेदाराचे मजूर ईएसआयमध्ये असतील तर अंत्यविधीसाठी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात (2019 पूर्वी 10,000 होते). अर्ज तीन महिन्यांत करावा लागतो. हे त्यांच्या घरच्यांना कोणी सांगत नाही, आपण सांगायला हवे.

मंडळापुढे माझी सूचना छोटी आहे. कार्यालयात एक वही ठेवू. तिच्यात क्रिया करणाऱ्या गुरुजींची नावे, कोण ऋग्वेदी, कोण यजुर्वेदी, शववाहिनीचे फोन आणि घाटांवरचे चालू दर लिहू. दर तीन महिन्यांनी एकाने जाऊन दर पाहून यावेत. पहिली फेरी मी करतो. शिवाय प्रत्येक भागातून एकेक जण असा हवा, की जो त्या तेरा दिवसांत पाकीट आणि हिशेब सांभाळील. तो घरातला नसावा. घरातल्याला त्या वेळी नाही म्हणता येत नाही. टाटीबंधसाठी माझे नाव लिहून घ्या. बाकीच्या भागांची नावे आज चहाच्या वेळी कोषाध्यक्षांकडे द्यावीत. वही मी आणलेली आहे.