आईकडून येणारा जंतू



१९२४ साली अमेरिकेत हर्टिग व वोल्बाक या दोघा संशोधकांना साध्या घरगुती डासाच्या जननेंद्रियांत एक सूक्ष्म जंतू आढळला. १९३६ मध्ये हर्टिगने त्याला ‘वोल्बाकिया’ हे नाव दिले. हा जंतू अंड्यातून, म्हणजे आईकडूनच संततीत उतरतो. शुक्रबीजात त्याला थारा नाही. नराच्या देहात गेलेल्या जंतूचा वंश तेथेच खुंटावयाचा!

पण तोही स्वस्थ बसत नाही. तो नराच्या शुक्रबीजावर असा काही संस्कार करून ठेवतो की, जंतुरहित मादीशी संयोग झाल्यास तिची अंडी फुटतच नाहीत. मादीत तोच जंतू असला तर मात्र अंडी सुखरूप. परिणामी पिढीगणिक जंतुयुक्त माद्यांची सरशी होते. मोठा कावेबाज पाहुणा!

डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस इजिप्ती डासात हा जंतू मुळात नव्हता. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी फळमाशीतला जंतू बारीक सुईने त्याच्या अंड्यांत घातला. अशा डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. २०११ साली केर्न्सजवळ ते डास सोडले, आणि जंतू तेथील डासांत पसरला.

इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात तर लोकांनी डासांच्या अंड्यांच्या बादल्या आपल्या अंगणात ठेवून घेतल्या! शहराचे २४ भाग पाडून १२ भागांतच हा प्रयोग केला. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: त्या भागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी भरले.