नाटकघराचा शेजार

लंडनला मुलांकडे जाणारी आपली मंडळी हल्ली शेक्सपियरचं ग्लोब थिएटर आवर्जून पाहतात, याचा आनंद आहे. तक्रार एकच. थिएटर बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. शेजार बघत नाहीत!

अहो, मुलीसाठी स्थळ बघायला गेल्यावर आपण नुसता मुलगा बघतो का? पोहे झाले की एखादे काका हळूच उठतात, गल्लीत चक्कर मारतात, कोपऱ्यावरच्या दुकानात चौकशी करतात. खरी माहिती तिथेच मिळते.

ग्लोब हा मुलगा देखणाच आहे. सॅम वानामेकर या अमेरिकन नटाने त्याच्या पुनर्बांधणीसाठी आयुष्य वेचलं. 1993 मध्ये तो गेला, थिएटर उघडलं 1997 मध्ये. ओकचं लाकूड, वर शाकारलेलं छप्पर, आणि त्यात आग विझवायला पाण्याचे फवारे! कारण मूळचं थिएटर 1613 मध्ये नाटकातल्याच तोफेने पेटलं होतं. पण ते उभं होतं थोडं पलीकडे, पार्क स्ट्रीटवर. म्हणजे मुलगा दाखवलाय तोसुद्धा दुसऱ्याच घरात बसवून. तेव्हा काकांनी उठायलाच हवं.

बाहेर पडलात की बेअर गार्डन्स नावाची गल्ली लागते. या भागात साखळीने बांधलेल्या अस्वलांवर कुत्रे सोडायचे आणि लोक पैसे देऊन बघायचे. पुढे क्लिंकच्या जुन्या तुरुंगाची जागा. या वस्तीत शतकानुशतकं कुंटणखाने चालले, आणि ती जमीन कुणाची? विंचेस्टरच्या बिशपची! लंडनच्या कारभाऱ्यांना नाटकवाले नकोसे होते, म्हणून नाटकवाले नदीपलीकडे, त्यांच्या हद्दीबाहेर या शेजारात आले. शेक्सपियरचे दारुडे, भुरटे, तोंडाळ कुंटिणी आठवा. ती माणसं काही आकाशातून पडली नव्हती.

पुन्हा सांगतो, शेजार बघा. हे लंडनपुरतं नाही. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेलं कोल्हापूरचं नाट्यगृह, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं. भिंती आणि छप्पर इंजिनिअर बांधतील. पण पाठीला लागून खासबागेचं कुस्त्यांचं मैदान, आणि भोवतालच्या गल्ल्यांत जुने प्रेक्षक, पडदे ओढणारे, मध्यंतराला चहा पुरवणारे. कोल्हापूरकरांनो, त्यांना आत्ताच गाठा, आणि सांगतील ते लिहून घ्या.