नसलेल्या बेटावरचे स्वयंपाकघर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने पाचशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन पुस्तकावर बोलायला उभे राहावे, हे पाहून काहीजणी पदराआड हसत असतील. हसा बापड्या. मी ते लॅटिनमधून वाचलेले नाही, इंग्रजीतूनही नाही. माझी धाकटी कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. परीक्षेच्या आधी ती वाचायची नि मला मराठीत सांगायची, मी तांदूळ निवडत ऐकायची. असे महिनाभरात आमचे पुस्तक झाले.

पुस्तकाचे नाव 'यूटोपिया'. लिहिणारे थॉमस मोर, लंडनचे वकील. १५१६ साली ते लूव्हेन गावी छापले. नावाचा अर्थच मुळी 'कुठेच नसलेली जागा'. राफाएल नावाचा एक प्रवासी अँटवर्प शहरात मोरसाहेबांना भेटतो आणि आपण पाहिलेल्या बेटाची हकीकत सांगतो, अशी रचना आहे.

पण बेटाच्या आधी इंग्लंडची रड आहे. लोकरीला भाव आला म्हणून जमीनदारांनी शेते कुंपणात घेतली, तिथे मेंढ्या सोडल्या नि कुळांना हाकलून दिले. हाताला काम नाही, मग माणसे चोऱ्या करू लागली, आणि चोरीला शिक्षा फाशीची! आधी माणसाला चोर करायचे नि मग लटकवायचे, हा कुठला न्याय, असे राफाएल विचारतो. राजाच्या राज्यात हे लिहायला धीर लागतो. (हेच मोर पुढे १५२९ मध्ये राजाचे सर्वांत मोठे मंत्री झाले, आणि राजाला धर्माचा प्रमुख मानायची शपथ घेईनात, म्हणून १५३५ मध्ये राजाने त्यांचा शिरच्छेद करविला.)

आता बेट. चौपन्न शहरे, सगळी एकसारखी. कुणाची खासगी मालमत्ता नाही. दाराला कुलूप नाही, दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरे बदलायची. सोन्याची किंमत इतकी कमी की त्याची रात्रीची भांडी नि गुलामांच्या बेड्या करतात. मोती पोरांनी खेळायचे. एकदा परदेशचे वकील दागिन्यांनी मढून आले, तर एका पोराने आईला विचारले, एवढा घोडा झाला तरी हा बाळलेणी घालून कसा फिरतो? आईने त्याला गप्प केले, म्हणाली, तो वकिलांचा विदूषक असेल. हे ऐकले तेव्हा माझ्या मांडीवरचे सूप उपडे झाले, इतकी मी हसले. आपल्या लग्नसराईत एखाद्या पोराने असे विचारले तर!

काम दिवसाला सहा तास. तीन जेवणाच्या आधी, मग दोन तास विसावा, पुन्हा तीन. एवढ्यात सगळ्या बेटाचे भागते. कसे भागते, त्याचे कारण मोरसाहेब देतात, आणि तिथे मी मुलीला म्हटले, थांब, पुन्हा वाच. ते म्हणतात, इतर देशांत कितीतरी लोक काहीच करीत नाहीत. पुरोहित आहेत, श्रीमंत आहेत, त्यांचे हुजरे आहेत, धडधाकट भिकारी आहेत. आणि ह्या यादीत सगळ्यांत आधी कोण? बायका! अर्धी माणसे बायका, आणि त्या जवळजवळ काहीच करीत नाहीत म्हणे.

मैत्रिणींनो, ह्या पुस्तकाचा बराच भाग मोरसाहेबांनी १५१५ साली राजाच्या कामासाठी परदेशी असताना लिहिला. घरी पहिल्या बायकोची चार मुले होती, नि दुसरी बायको अ‍ॅलिस. त्या मुलांचे नि त्या घराचे कोण पाहत होते?

मला आणखी एक सांगू द्या. बेटावर घरोघर चूल नाही. तीस कुटुंबांमागे एक मोठे भोजनगृह आहे, कर्णा वाजला की सगळे जेवायला येतात. बायकांना बाहेरच्या बाजूला बसवतात, गरोदर बाईला मळमळले तर कुणाला न उठवता जाता यावे म्हणून. अंगावर पाजणाऱ्या बायांना वेगळी खोली, तिथे पाळणे, विस्तव, स्वच्छ पाणी. इतके बारकाईने कुणा पुरुषाने लिहिले, ह्याचे मला खरेच कौतुक वाटले. पण स्वयंपाक? तो बायकांनीच करायचा, पाळीपाळीने. आणि घाणीची, कष्टाची कामे गुलामांनी. गावोगावी शेती, विणकाम, गवंडीकाम ह्यांचा विचार केला, घरे वाटली, सोन्याची किंमत घालवली, पण पळी बाईच्या हातातून सुटली नाही. वर महिन्याच्या शेवटच्या दिवशी बायकोने नवऱ्यापुढे गुडघे टेकून आपल्या चुका कबूल करायच्या. नवऱ्याने कुणापुढे करायच्या, ते लिहिलेले नाही.

त्या सहा तासांत रांधण्याची पाळी धरली आहे की वेगळी, हेही मोरसाहेबांनी कुठे मोजलेले नाही. पण मी माझे मोजले. सकाळी साडेपाचला उठल्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत, दुपारची झोप वजा करून, बारा तास निघाले. आमच्या घरी विचाराल तर मी "घरीच असते."

तरी मोरसाहेबांवर मी फार रागावत नाही. त्यांनी मुलींना मुलग्यांबरोबर शिकवले. थोरली मार्गारेट लॅटिन-ग्रीक शिकली आणि एरास्मस पंडिताच्या एका लॅटिन पुस्तकाचे तिने इंग्रजी केले. त्या काळात हे थोडे नव्हे. माझ्या वडिलांनी मला सातवीनंतर बसवले, कारण भावाची फी भरायची होती. ते वाईट नव्हते, त्यांना दुसरे सुचले नाही इतकेच. मोरसाहेबांचेही तसेच असावे.

अशी बेटे नंतर इतरांनीही रचली. कांपानेल्ला नावाच्या इटालियन संन्याशाने नेपल्सच्या तुरुंगात 'सूर्यनगरी' लिहिली, तिथे काम चारच तास. पण मुले आईची न राहता सरकारची, म्हणून ते मला नको.

मुलीने परीक्षेत मालमत्तेवर लिहिले. स्वयंपाकघराचे लिहिलेस का, असे विचारले, तर म्हणाली, आई, तसा प्रश्न येत नाही.

आत आपल्या पाचजणी सकाळपासून वडे तळताहेत, त्यांना ह्यातले काही ऐकू गेले नसणार. म्हणून हे लिहून स्मरणिकेला देते आहे.