रक्त, गाठ आणि निदान

(ज्ञातिमंडळाच्या पाली, ता. बीड येथील वार्षिक मेळाव्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांना उद्देशून दिलेले व्याख्यान)



रक्तविकार व कर्करोग या विषयांवर बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. ज्ञातीतील जी मुले-मुली सांप्रत वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहेत, त्यांच्यासाठी हे व्याख्यान आहे. परंतु त्यांचे आईवडीलही समोर बसलेले असल्याने आम्ही शक्य तितक्या सोप्या भाषेत बोलू. जाडजूड ग्रंथ तुम्ही परीक्षेपूर्वी वाचालच. आम्हांस एकाच गोष्टीवर भर द्यावयाचा आहे : रोगाचे नाव निश्चित झाल्यावाचून उपचारास हात घालू नये. ऐकावयास ही गोष्ट फारच साधी वाटते. ती पाळली न गेल्याने आपल्या या बीड जिल्ह्यात काय घडले, ते पुढे येईलच.

प्रथम रक्ताकडे वळू. हाडांच्या पोकळीतील मज्जा हा रक्तपेशींचा कारखाना होय. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी बहुसंख्य तर एक-दोन दिवसच. या आयुर्मर्यादा ध्यानात ठेवल्या, म्हणजे मज्जेचे काम एकाएकी थांबले असता ताप व रक्तस्राव आधी का दिसतात आणि फिकटपणा मागाहून का येतो, हे पाठांतरावाचून सांगता येते. पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला पाहून घरातील मंडळी 'रक्ताचा कर्करोग' म्हणून हवालदिल होतात. साध्या जंतुसंसर्गानेही तो वाढतो; काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहणे हा त्यावरील मार्ग आहे.

रक्तक्षयाचेही तसेच. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की आपण रक्तक्षय म्हणतो. पण ते केवळ लक्षण झाले. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या आणि गिरणगावातील गर्भवती स्त्रियांच्या प्राणघातक रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. लोहाच्या अभावी तांबड्या पेशी लहान होतात. या स्त्रियांच्या पेशी मोठ्या होत्या. अर्थात रोग निराळा होता. यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मार्माइट नावाने मिळणाऱ्या पदार्थाने, त्या बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. आज प्रत्येक गर्भवतीस लोहाबरोबर ते दिले जाते, त्याचे मूळ परळच्या त्या कामात आहे. पेशीचा आकार पाहिला म्हणून हे साधले. सर्वांना सरसकट लोह देत बसल्याने साधले नसते.

आता कर्करोग. शरीरातील पेशी गरजेपुरत्या वाढतात आणि ठरल्या वेळी मरतात. ही शिस्त मोडून ज्या पेशी वाढतच राहतात, शेजारच्या भागांत घुसतात आणि रक्तावाटे दूर जाऊन तेथे ठाण मांडतात, त्यांचा हा रोग. गाठ, व्रण किंवा सोनोग्राफीतील सावली पाहून संशय घ्यावा; नाव ठरते ते तुकडा काढून केलेल्या तपासणीने. 'सुई लावली की गाठ पसरते' हा समज आपल्या घरोघर आहे. वस्तुतः काही थोड्या अवयवांच्या बाबतीत तज्ज्ञ विशेष काळजी घेतात, इतकेच. एरवी या भयापायी गेलेले महिने रोग्यास फार महाग पडतात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाकडे आम्ही मुद्दाम अधिक लक्ष वेधतो. तो ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो आणि पूर्वविकृतीपासून कर्करोगापर्यंत पोहोचण्यास बहुधा दहा वा अधिक वर्षे घेतो. एवढी सवड देणारा शत्रू विरळाच. या सवडीचा उपयोग कसा करावा, हे जगाला दाखवण्यात आपला शेजार पुढे होता. बार्शी येथे १९८७ साली बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्यानंतर १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गावांचे चार गट केले होते. आठ वर्षांत, ज्या गटास एकदा विषाणूची तपासणी देऊ केली त्यात या रोगाने ३४ मृत्यू झाले, आणि जवळजवळ तितक्याच स्त्रियांच्या तपासणी न झालेल्या गटात ६४. तपासणी न झालेल्या त्या गटाविषयी पुढे नीतीचे प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारणे योग्यच होते. तथापि एका तपासणीने काय साधते, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांवरून जगास कळले.

आणि त्या सीमेच्या अलीकडे, आपल्या जिल्ह्यात? २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत आलेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळीत जास्त रक्त जाणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींना 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' असे सांगितले गेले. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, उचल अंगावर असते, फडात न्हाणीचीही सोय नसते; अशा बाईला तो सल्ला सुटकेसारखा वाटला, यात तिचा दोष नाही. गर्भाशय काढणे काही वेळा अत्यावश्यक असते, हे आम्ही जाणतो. परंतु पांढरे जाणे हे बहुधा औषधाने बरे होणाऱ्या जंतुसंसर्गाचे लक्षण आहे. बीजकोशही तिशीत काढले गेले, तर हाडे अकाली ठिसूळ होतात, आणि त्याच हाडांवर ती मोळी उचलते.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, उद्या अशी स्त्री तुमच्यासमोर बसली, म्हणजे प्रथम तिचे सर्व बोलणे ऐका. गर्भाशयमुख प्रत्यक्ष पाहा, हिमोग्लोबिन तपासा, गर्भाशयमुखाची विषाणूसाठी तपासणी करा आणि संशय वाटल्यास तुकडा तपासणीस पाठवा. शस्त्रक्रिया आधीच झाली असेल, तर काढलेला अवयव तपासणीस गेला होता काय, ते विचारा आणि त्याचा अहवाल पाहावयास मागा. माताभगिनींनो, तो कागद आपणही रुग्णालयातून मागून घ्यावा आणि घरी रेशनकार्डाजवळ जपून ठेवावा.