पेढीची चोपडी कोठें ठेवावी?

राजर्षि शाहू छत्रपतींनीं १८९५ मध्यें कोल्हापुरांत शाहुपुरी ही व्यापारपेठ वसविली, आणि गुळाच्या व्यापारानें ती नांवारूपास आली. अडतीच्या पेढीचें खरें धन तिजोरींत नसतें. तें चोपडींत असतें. कोणत्या शेतकऱ्याचे किती रवे विकले गेले, उचल किती दिली, कोणत्या गांवच्या व्यापाऱ्याकडे येणें किती राहिलें, हें सारें तींत नमूद असतें. भिजलेला माल पुढल्या हंगामांत भरून निघतो. बुडालेली उधारी कशाच्या आधारावर मागावयाची?

आतां ही चोपडी संगणकांत गेली आहे. परंतु संगणक दुकानांत आणि दुकान पुराच्या वाटेवर, अशी स्थिति असेल तर कागदांत व यंत्रांत फरक तो काय उरला? राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्यें आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें पाणी ५५ फुटांच्याही वर गेलें. व्हीनस कॉर्नर, शाहुपुरीची कुंभार गल्ली हे भाग जलमय झाले. पुणें-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला.

अशा शहरास क्लाउड होस्टिंगची उपयुक्तता निराळी सांगावयास नको. नांव मेघाचें असलें तरी यांत आकाशस्थ असें कांहींच नाहीं. दूरच्या भक्कम इमारतींत यंत्रें ठेवलेलीं असतात; त्यांना वीज, थंडावा व पहारा यांची सोय असते; व्यापाऱ्यानें त्यांतील जागा भाड्यानें घ्यावयाची. मायक्रोसॉफ्टनें २०१५ मध्यें पुणें, मुंबई व चेन्नई येथें आणि अ‍ॅमेझॉननें २०१६ मध्यें मुंबईंत अशीं केंद्रें उघडलीं.

पहिला लाभ अंतराचा: पंचगंगेचें पाणी तेथवर पोंचत नाहीं. दुसरा खर्चाचा. गुऱ्हाळें पेटलीं म्हणजे पेढीचें काम वाढतें, पावसाळ्यांत तें थंडावतें. स्वतःचें यंत्र ऐन गर्दीच्या मानानें घ्यावें लागतें. भाड्याची शक्ति हंगामाप्रमाणें कमीजास्त करितां येते. तिसरा सोयीचा: उद्यमनगरांतील कारखानदारास आपला हिशेब पुण्यांत बसूनही पाहतां येतो. शिवाय नोंदणीकृत कंपन्यांनीं संगणकीय हिशेबाची प्रत भारतांतील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावी, असें २०२२ च्या नियमांनीं ठरविलेंच आहे.

मात्र भाड्याच्या घरांतही कुलूप आपणच लावावें लागतें. परवलीचा शब्द दहा जणांस ठाऊक असेल तर भक्कम इमारत काय कामाची? पुरांत वीज व इंटरनेट तुटलें तर हिशेब सुरक्षित असूनही कांहीं दिवस हातीं येणार नाहीं. आणि केवळ जुळवून ठेवलेली प्रत ही राखीव प्रत नव्हे. नोकराच्या चुकीनें येथील नोंद पुसली गेली तर जुळती प्रतही तशीच पुसली जाते. म्हणून जुन्या दिनांकांच्या प्रती वेगळ्या राखाव्या, आणि सेवा सोडतांना आपला हिशेब कोणत्या रूपांत परत मिळेल, हें करारापूर्वींच विचारून घ्यावें.

मृगापूर्वीं शेतकरी घराचीं कौलें चाळतो. व्यापाऱ्यानेंही त्याच सुमारास एक दिवस काढावा. दूर ठेवलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावी, आणि एका महिन्याची बाकी ताडून पाहावी. ती जुळली तरच चोपडी सुरक्षित आहे, असें समजावें.