मुलं, कुत्री आणि मैदान



आमच्या भागात श्वानशर्यत म्हटली की गावची जत्रा डोळ्यांपुढं येते. लांबट तोंडाची, पोट आत गेलेली कारवानी कुत्री, आणि त्यांच्यापेक्षा जास्त धापा टाकणारे मालक! मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. २००५ साली टपाल खात्यानं तिचं तिकीटही काढलं. वाऱ्यासारखं पळणारं हे जनावर मलाही आवडतं. पण शर्यतीनंतर पंजे सोललेली कुत्री पशुवैद्य म्हणून मी पाहिली आहेत. सशामागं कुत्रं सोडणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे.

आज मला बोलायचंय ते घरच्या कुत्र्याबद्दल आणि त्याचा पट्टा धरणाऱ्या पोराबद्दल. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधला वेळ भरायला एक खेळ दाखवला गेला. घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून तो सुचला होता. कुत्र्यानं आडवे बांबू ओलांडायचे, बोगद्यातून जायचं, खांबांमधून नागमोडी पळायचं. मालकानं सोबत धावायचं, पण हात लावायचा नाही. हीच अॅजिलिटी. लहान मुलांसाठी ‘ज्युनियर हँडलिंग’ असतं. त्यात परीक्षक कुत्र्याचं रूप बघत नाहीत. मूल त्याला कसं चालवतं, कसं उभं करतं, ते बघतात.

आमच्या गल्लीतल्या सातवीतल्या मुलीनं विचारलं, "डॉक्टरकाका, आमच्या मोत्याला घेतील का हो?" मोत्या अस्सल गावठी. जातीच्या प्रदर्शनात नोंदणीचा कागद लागतो. तो कुठून आणायचा? म्हटलं, आपणच मैदान मांडू. विटा रचल्या, त्यावर बांबू नुसता ठेवला, बांधला नाही. पाय लागला तर बांबू पडावा, कुत्रं पडू नये. गोणपाटं शिवून बोगदा केला.

मोत्या बोगद्यात शिरेना. वडील म्हणाले, "ढकल की त्याला." पोरगी म्हणाली, "नाही बाबा, मग तो परत माझ्याजवळ येणार नाही." दुसऱ्या तोंडाशी भाकरीचा तुकडा घेऊन ती चार संध्याकाळी बसून राहिली. पाचव्या दिवशी मोत्या आला, तो भाकरी सोडून तिच्या अंगावरच!

तालमीत वस्ताद कोवळ्या पोराला लगेच जोडीवर सोडत नाहीत, आधी जोर-बैठका. कुत्र्याचंही तसंच. हाडं भरेपर्यंत उड्या नकोत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दीड वर्षाखालचं कुत्रं घेतच नाहीत. तोवर ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ एवढं पुरे.

थंडीत आम्ही गल्लीपुरता खेळ ठेवला. एक लॅब्राडॉर पहिला आला. मोत्या तिसऱ्या बांबूशी थांबला आणि बघ्यांमधल्या आजोबांकडं शेपूट हलवत गेला. मुलीनं हाक मारली, वाट पाहिली, परत आणला आणि उरलेलं मैदान पूर्ण केलं. वडील टाळ्या वाजवत होते.

तुमच्याही गल्लीत मांडा. सकाळी ऊन चढण्याआधी, मातीच्या मैदानावर. पाण्याची बादली सावलीत ठेवा. आणि रेबीजच्या लशीचं कार्ड पाहिल्याशिवाय एकही कुत्रं आत घेऊ नका, मालक कितीही ओळखीचा असला तरी.